मुलांना फोटो काढायला शिकवायचंय? मग कास सगळ्यात शेवटी

पावसाळा सरायला आला की मला ठरावीक फोन येतात. "दादा, कास फुललंय म्हणे. पोरांना घेऊन येतो रविवारी, जरा फोटोग्राफी शिकवा." कधी शाळेचे सर असतात, कधी सोसायटीतल्या काकू, कधी पुण्याहून भाच्यांना घेऊन आलेले मामा. कास म्हणजे साताऱ्याजवळचं फुलांचं पठार. पहिली काही वर्षं मी लगेच हो म्हणायचो. चौदा पोरं, दोन जीप, प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी. संध्याकाळी कार्डं उघडली की एकोणीसशे फोटो. त्यातले अठराशे एकाच उंचीवरून आणि एकाच अंतरावरून काढलेले: मधोमध फूल, मागे कुणाचा तरी बूट.

पोरांचं काही चुकत नव्हतं, आमचा क्रमच उलटा होता. जिकडे बघावं तिकडे सुंदर दिसतं अशा जागी नवशिक्या काही शोधत नाही. बटण दाबतो आणि पुढे जातो. शोधायची सवय आधी घराच्या ओट्यावर लागावी लागते, जिथे बघण्यासारखं काहीच नाही असं पोरांना वाटत असतं.

म्हणून हा क्रम लिहून काढतोय. जागा साताऱ्या-वाईकडच्या आहेत, कारण मी तिथेच फिरतो. तुमच्याकडे कास नसेल तर तळं, किल्ला, खाडी, काहीही चालेल. फक्त टप्प्यांची अदलाबदल करू नका. सगळं मिळून पाच-सहा आठवडे लागतात. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, तेव्हा जुलैच्या मध्यात सुरुवात केली तर बरोबर पोचता.

टप्पा १ : आधी माणसं मोजा

वय ९ ते १४ ठेवा. त्याहून लहान मुलं गोड फोटो काढतात, पण तासाभरात कंटाळतात आणि मग बाकीच्यांचं लक्ष त्यांच्याकडे जातं. एका गटात दहापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. मी चौदा घेऊन पाहिली आहेत. चौदा मुलांत शिकवणं होत नाही, हजेरी होते.

मोठी माणसं किती? साध्या जागी पाच मुलांमागे एक, पाण्याजवळ किंवा कड्याजवळ तीन मुलांमागे एक. शिकवणाऱ्याला या हिशेबात धरायचं नाही. तो नेहमी कुठल्या तरी पोराच्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला असतो, त्याच्या मागे कोण कुठे गेलं हे त्याला कळत नाही.

पालकांकडून एका कागदावर लिहून घ्या: कुठे जाणार, किती वाजता परतणार, मुलाला घाटात गाडी लागते का, कसली ॲलर्जी आहे का, औषध चालू आहे का, आणि मुलाचा चेहरा दिसणारे फोटो इतरांना दाखवले तर चालतील का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सहलीच्या दिवशी रात्री गटावर फोटो पडतात आणि मग कुणाची तरी आई फोन करते. "नाही" लिहिलं असेल तर नाही, कारण विचारायचं नाही.

*तपासा:* प्रत्येक पालकाचा फोन नंबर कागदावरही आहे ना? घाटात मोबाइलची बॅटरी संपली की यादी त्याच मोबाइलमध्ये अडकते.

टप्पा २ : दोघांत एक कॅमेरा

नवीन कॅमेरा विकत घेऊ नका. घरातला जुना मोबाइल, काकांनी कपाटात टाकलेला छोटा डिजिटल कॅमेरा, काहीही चालतं. मुद्दा वेगळाच आहे. प्रत्येकाला एक कॅमेरा दिला तर प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनमध्ये बुडतो. दोघांत एक दिला की एक काढतो आणि दुसरा बघतो, वाद घालतो, "अरे मागे बघ, बादली येतीये" म्हणतो. ही बादली दाखवणारी नजरच तर हवी आहे. पाच फोटो झाले की अदलाबदल.

आदल्या संध्याकाळी हे करा, सकाळी निघताना नको:

- बॅटऱ्या चार्ज करा. पेन्सिल सेलवर चालणारा जुना कॅमेरा असेल तर साधे अल्कलाइन सेल घालू नका, डिजिटल कॅमेऱ्यात ते बघता बघता उतरतात. रिचार्जेबल सेल घ्या, आणि एक जोड जास्तीचा ठेवा.
- लेन्स पुसा. पोरांच्या मोबाइलवरचे निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलाने आलेले असतात. जुना, बरेचदा धुतलेला सुती रुमाल पुरतो. ओढणीच्या जरीच्या काठाने पुसू नका.
- सगळ्या कॅमेऱ्यांची तारीख-वेळ एकसारखी लावा. नंतर फोटो लावताना याची किंमत कळते.
- फ्लॅश बंद, डिजिटल झूम वापरायचा नाही, चेहरा गोरा करणारं फिल्टर बंद. पडद्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी चालू ठेवा. क्षितिज सरळ ठेवायला तेवढी पुरे.
- मोबाइलमध्ये तीन-चार जीबी जागा मोकळी करा आणि तो फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर घाटावर ऐन वेळी आजीचा व्हिडिओ कॉल येतो.
- लोकेशनची नोंद बंद करा. मुलांच्या फोटोबरोबर घराचा पत्ता फिरायला नको.

*सावधान:* कार्ड फॉरमॅट करण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरलेत का ते उघडून बघा, नुसतं "उतरवले असतील" नको. एकदा पोरांसाठी कार्ड रिकामं करण्याच्या घाईत मी आदल्या दिवशीचा साखरपुडा पुसून टाकला होता. नवरीच्या मावशीशी त्यानंतर झालेलं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

टप्पा ३ : पहिला तास कॅमेऱ्याविना

इथे पोरं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, पुठ्ठा छान जाड असतो. प्रत्येकीच्या मधोमध ३ सेंटिमीटर बाय साडेचार सेंटिमीटरची खिडकी कापा. झाला कॅमेरा. एक डोळा मिटून त्या खिडकीतून बघायचं. पत्रिका डोळ्याजवळ धरली की पुष्कळ दिसतं, हात लांब केला की थोडंच दिसतं. झूम म्हणजे काय ते इथेच समजतं, वेगळं सांगावं लागत नाही.

मग तीन कामं द्या, ओट्यावर किंवा गल्लीत.

पहिलं: चौकटीत फक्त एकच वस्तू राहील असं उभं राहा. सोपं वाटतं, पण गल्लीत नळ एकटा नसतोच. त्याच्याजवळ पाइप असतो, चपला असतात, मांजर असतं. ती बाहेर काढायची तर सरकावं लागतं, वाकावं लागतं.

दुसरं: तीच वस्तू चौकटीच्या मधोमध न ठेवता एका बाजूला न्या आणि उरलेल्या जागेत काय आलं ते सांगा. सांगायला लावणं महत्त्वाचं. "भिंत" हे उत्तर घेऊ नका. कसली भिंत? ओल आलेली, सारवलेली, निवडणुकीचं अर्धं पुसलेलं चिन्ह असलेली?

तिसरं: आडवी चौकट उभी करा. जिन्याला कोणती बरी? झोपलेल्या कुत्र्याला कोणती?

*तपासा:* तासाच्या शेवटी प्रत्येक मूल किमान एकदा खाली बसलंय का? नसेल तर कॅमेरे अजून देऊ नका. उभ्याने बघणारं मूल उभ्यानेच फोटो काढतं.

टप्पा ४ : घराजवळचे चार सराव

एका दिवशी एकच. दोन सराव एकत्र केले की दोन्ही वाया जातात. रोज प्रत्येकाने फक्त बारा फोटो काढायचे, मोजून. कमी वाटतात, पण बारा म्हटलं की आठव्यानंतर पोरं थांबून विचार करायला लागतात. पुसून परत काढायची परवानगी नाही.

उजेड. एक पांढरा कांदा सोलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा. अंडं चालत असेल तर अंडं आणखी चांगलं. ट्यूबलाइट बंद करा. हे विसरलात तर सराव फसला, कारण दोन उजेड मिसळले की सावली कुठून पडली ते पोरांना कळत नाही. आता कांदा हलवायचा नाही, आपण फिरायचं: खिडकी पाठीशी घेऊन एक फोटो, खिडकी डाव्या हाताला ठेवून एक, खिडकी समोर ठेवून एक. बाजूच्या उजेडात कांदा गोल दिसतो, आपल्या पाठीमागून उजेड आला तर चपटा दिसतो, आणि खिडकी समोर असली तर काळा पडतो. मग आजीला उंबऱ्यात बसवून हेच परत करा. दारातून येणारा सकाळचा उजेड आणि आजीचा चेहरा यापुढे स्टुडिओ काय करणार!

अंतर. घरातली स्कूटर घ्या. दहा पावलांवरून एक फोटो, पाचांवरून एक, आणि एक पाऊलभर अंतरावरून एक. झूमला हात लावायचा नाही, पाय हलवायचे. मोबाइल फार जवळ नेला तर चित्र धूसर होतं. मग वीतभर मागे या आणि स्क्रीनवर त्या जागी बोट टेकवा. काही मोबाइल जवळ नेल्यावर आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि चित्र एकदम बदलतं. पोरं घाबरतात, तेव्हा आधीच दाखवून ठेवा.

उंची. शेळी, मांजर, कोंबडी, धाकटा भाऊ, जे मिळेल ते. नियम एकच: ज्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा. कोंबडीसाठी पोटावर झोपावं लागतं. जुने कपडे घालून या असं आदल्या दिवशी सांगा, नाहीतर आया माझ्यावर चिडतात.

मागचं. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून फिरवायची. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का? कडेला अर्धी बादली कापली गेलीय का? दोस्ताला नारळाच्या झाडाखाली उभं करून फोटो काढायला लावा, झाड त्याच्या टाळूतून निघालेलं दिसेल. मग एक पाऊल डावीकडे सरकून परत काढायला लावा. झाड गेलं. हा चमत्कार पोरं आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरतात.

बारा वर्षांच्या पुढची मुलं आणि शटरचा वेग (उजेड किती क्षण आत येतो ते) बदलता येणारा कॅमेरा असेल तर पाचवा दिवस सायकलचा. सावलीत सायकल उलटी ठेवा आणि चाक जोरात फिरवा. कॅमेऱ्याची चकती S किंवा Tv या खुणेवर आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) आपोआपवर ठेवा. १/१००० ला चाकाचे स्पोक सुटे सुटे मोजता येतील, १/१५ ला नुसती राखाडी तबकडी दिसेल. मग धावणाऱ्या मित्रावर १/५०० वापरा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) हा शब्द अजून काढू नका. पहिल्याच दिवशी फळ्यावर ॲपर्चरचं वर्तुळ काढणारे शिक्षक मी पाहिलेत. पुढच्या रविवारी निम्मी मुलं आलेली नसतात.

*सावधान:* आरपार काचेतून बघायचा व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्याने सूर्याकडे बघू देऊ नका. लेन्समधून आलेलं ऊन डोळ्याला कायमची इजा करतं. "सूर्य चौकटीत नको" हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. सूर्यास्तालाही ढील नाही.

टप्पा ५ : छोटी सहल, मेणवलीचा घाट

आता पहिल्यांदा बाहेर. मी वाईपासून तीनेक किलोमीटरवरचं मेणवली निवडतो. कृष्णेच्या काठी दगडी घाट आहे, देऊळ आहे, नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. जागा आटोपशीर आहे, म्हणजे कुठेही उभं राहिलं तरी दहाही मुलं दिसतात. सहलीसाठी जागा निवडताना मी सौंदर्याआधी हे बघतो.

सकाळी लवकर पोचा. पावसाने उघडीप दिली असेल त्याच दिवशी जा. नदीला पाणी चढलं असेल तर त्या दिवशी सहल नाही, पुढच्या आठवड्यात. पोरं रडली तरी नाही.

*सावधान:* घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं. पाण्यालगतच्या पाच पायऱ्या पूर्ण बंद. तोंडी सांगून भागत नाही. कॅमेऱ्यात बघणारं मूल मागे मागे सरकतं आणि त्याला पायरी दिसत नाही. म्हणून पाचव्या पायरीवर एक मोठं माणूस नदीकडे पाठ करून उभं राहील, सहल संपेपर्यंत. त्याला फोटो काढायची बंदी. आणखी एक नियम: कॅमेरा डोळ्याला असताना पाय हलवायचा नाही. चालायचं तर कॅमेरा खाली.

उतरल्यावर क्रम असा ठेवा. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरे पिशवीत. लग्नपत्रिकेच्या चौकटी बाहेर काढा, फिरा, आणि तीन जागा निवडा. मग एकेक काम.

पायऱ्यांचं काम: पायऱ्यांच्या रेषा नजरेला कुठे घेऊन जातात? रेषांच्या टोकाला काहीतरी हवं, मग ती बसलेली मैत्रीण असो, वाळत टाकलेलं धोतर असो किंवा कुत्रं. टोक रिकामं असेल तर थांबायचं. कुणीतरी येतंच.

घंटेचं काम: हे मला सगळ्यात आवडतं. घंटा सावलीत असते आणि मागे उघडं आकाश. कॅमेरा गोंधळतो. मोबाइलवर घंटेवर बोट टेकवा, घंटा दिसते आणि आकाश पांढरंफक पडतं. आकाशावर टेकवा, आकाश नीट येतं आणि घंटेची नुसती काळी आकृती उरते. दोन्ही फोटो काढायला लावा आणि विचारा, तुला कोणता हवा? उजेड कुठून मोजायचा हे आपण ठरवायचं असतं, कॅमेऱ्याने नव्हे, हे दहा वर्षांच्या पोरालाही इथे कळतं. बोट टेकवून दोन सेकंद तसंच दाबून धरलं तर बहुतेक मोबाइलवर ती मोजणी गोठते. मग चौकट हलवली तरी बदलत नाही.

माणसांचं काम: घाटावर बायका धुणं धुतात, कुणी अंघोळ करतं, कुणी पूजा. अंघोळीचा फोटो कुणाचाही, कधीही नाही. बाकी ठिकाणी आधी विचारायचं. जवळ जाऊन "मावशी, एक फोटो काढू का?" आणि उत्तर येईपर्यंत कॅमेरा खाली. नाही म्हणाल्या तर "बरं मावशी" आणि पुढे. हो म्हणाल्या तर काढल्यावर स्क्रीनवर दाखवायचा. एकदा आमच्या गटातल्या एका मुलीला मावशींनी फोटो बघून सांगितलं, "अगं, माझा पदर नीट नव्हता, परत काढ." तिने परत काढला. त्या दिवसातला तो सर्वांत चांगला फोटो होता.

तीन तासांत सहल संपवा. भडंग, धपाटे, लिंबू सरबत आणि परत. चौथ्या तासात शिकणं होत नाही, फक्त मोबाइल पाण्यात पडतो.

*तपासा:* गाडीत बसताना मुलांइतकेच कॅमेरेही मोजा.

टप्पा ६ : आता कास

आतापर्यंतचे सगळे टप्पे झाले असतील तरच हे वाचा.

*आधीची तयारी.* कासला हंगामात रोज ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, म्हणून ऑनलाइन नोंदणी करून जायचं. शनिवार-रविवार टाळा. शाळेची एक दिवसाची रजा घ्या, सर लोकांना पटवायला तुम्हीच समर्थ आहात. मिळेल ती सर्वांत लवकरची वेळ घ्या. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने साधारण २५ किलोमीटर अंतर आहे, पण वळणं आणि धुकं धरून तास हाताशी ठेवा. गाडी लागणाऱ्या मुलांना सकाळी दूध नको, कोरडी पोळी द्या आणि पुढच्या सीटवर बसवा.

प्रत्येकाच्या पाठीवर: रेनकोट (छत्री नको, वारा ती उलटी करतो आणि काडी शेजाऱ्याच्या डोळ्याशी जाते), बंद बूट, लांब पायजमा, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, सुका रुमाल. पिशव्या कॅमेऱ्यासाठी. पिशवीला लेन्सएवढं भोक पाडून रबरबँड लावला की पावसाळी अंगरखा तयार.

गाडीत एसी लावू नका. गार गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं आणि पहिली वीस मिनिटं सगळंच दुधाळ. लावलाच असेल तर कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्या आणि तो हवेशी जुळेपर्यंत पिशवी उघडू नका.

*सावधान:* सड्यावर, म्हणजे या कातळी पठारावर, मातीचा थर अगदी पातळ आहे, खाली कातळ. फुलांचं बी आणि कंद त्या बोटभर मातीत असतात. एक पाय वाटेबाहेर पडला तर पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. आखलेली वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, दगड उचलून बघायचा नाही. दगडाखाली फुरसं हा विषारी साप असू शकतो, आणि तो चिडला की पळून जाण्यापेक्षा चावतो. ट्रायपॉड आणूच नका, तिसरा पाय कायम फुलांत पडतो. ड्रोन घरी.

*तिथला क्रम.* पोचल्यावर परत पहिली पंधरा मिनिटं कॅमेरे पिशवीत. इथे हे सर्वांत अवघड जातं, मोठ्यांनाही. पण या वेळात मुलांनी फुलं ओळखायची. गुलाबी तेरडा, पांढऱ्या गोंड्यांचा गेंद, निळसर जांभळी इवलीशी सीतेची आसवं, पिवळी सोनकी, आणि पिवळ्या पाकळ्यांवर ठिपके असलेलं कवला, ज्याला सगळे मिकीमाउस म्हणतात. ओल्या जागी नीट बघितलं तर तांबडा दवबिंदू सापडतो, ज्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांना किडे अडकतात. दवबिंदू दाखवला की पोरं गप्प होतात. त्या शांततेत कॅमेरे वाटा.

मग एका जोडीला एकच फूल. "पठाराचा फोटो" आज काढायचाच नाही, तो शेवटच्या दहा मिनिटांत. दिलेल्या फुलाचे बारा फोटो: चार दुरून, चार गुडघ्यावर बसून, चार फुलाच्या उंचीवरून. वाटेच्या कडेला बसून जेवढं जवळ जाता येईल तेवढंच. हात पुरत नसेल तर ते फूल सोडायचं आणि दुसरं घ्यायचं.

इथे तीन अडचणी हमखास येतात.

पहिली, गेंद पांढराफक पडतो. काळसर गवतात छोटा पांढरा गोंडा असला की कॅमेरा गवताचा अंधार मोजतो आणि चित्र उजळवतो. फुलावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढा, म्हणजे गोंड्यातले केस दिसायला लागतात.

दुसरी, धुक्यात फोटो मळकट येतो. इथे बरोबर उलटं करायचं. सगळी चौकट पांढरी असली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे आणि तो चित्र काळवंडतो. सूर्याचं चिन्ह थोडं वर. कॅमेऱ्यावर अधिकची खूण एक घरापर्यंत. गेंदाला उणे आणि धुक्याला अधिक, हे पोरांकडून घोकून घ्या.

तिसरी, वारा. पठारावर तो थांबत नाही, फक्त श्वास घेतो. कॅमेरा रोखून ठेवायचा, फूल डोलू द्यायचं, आणि ते क्षणभर सरळ झालं की लागोपाठ तीन फोटो. शटर बदलता येत असेल तर १/५०० किंवा वर. सोबतच्या मित्राने वाऱ्याच्या बाजूला उभं राहून आडोसा द्यायचा, पण वाटेवरच.

आणि ढग असले तर खूश व्हा. लोक ऊन नाही म्हणून हिरमुसतात. फुलांना ढगाळ उजेडच मानवतो: सावल्या कठोर पडत नाहीत आणि रंग धुऊन निघत नाहीत. ऊन हवं ते डोंगररांगांच्या फोटोला.

शेवटची दहा मिनिटं मोकळी. आता काढा पठार. बघा, बहुतेक पोरं खाली बसून, चौकटीत पुढे एखादं फूल आणि मागे गालिचा घेतील. पहिल्या दिवशी त्यांना कुणी हे सांगितलं असतं तर जमलं नसतं.

टप्पा ७ : घरी आल्यावर

बहुतेक सहली इथेच सोडून दिल्या जातात. फोटो काढले, गटावर टाकले, संपलं. माझ्या मते निम्मं शिकणं अजून बाकी आहे.

त्याच संध्याकाळी फोटो दोन ठिकाणी उतरवा. कार्डं लगेच रिकामी करू नका, आठवडाभर राहू द्या. कॅमेऱ्यांची वेळ एकसारखी लावलेली असेल तर सगळ्यांचे फोटो वेळेनुसार आपोआप लागतात, आणि एकाच क्षणी दोघांनी काय वेगळं पाहिलं ते शेजारी शेजारी दिसतं.

दोन-तीन दिवसांनी मुलांना बोलवा, लगेच नको. लगेच बोलावलं तर त्यांना फोटो दिसत नाही, तिथली मजा आठवते. प्रत्येकाने स्वतःचे पाच निवडायचे. मग त्यातले दोन काढून टाकायचे. इथे रडारड होते, आणि होऊ द्यावी. निवडताना मोठ्यांनी "छान" हा शब्द वापरायचा नाही. विचारा: तुझी नजर आधी कुठे गेली? मग कुठे गेली? कोपऱ्यात ते काय आलंय? मुलाला उत्तर देता आलं तर तो फोटो राहील.

संगणकावर सुधारणा? फक्त तीन: सरळ करणं, कडेचं कापणं, उजेड कमी-जास्त करणं. रंग भडक करायची पट्टी लपवून ठेवा. एकदा सापडली की कासचा तेरडा होळीच्या रंगासारखा होतो.

उरलेल्या तीनांची प्रिंट काढा, पोस्टकार्ड आकाराची. स्क्रीनवर धूसरपणा लपतो, कागदावर लपत नाही, आणि पोरं स्वतःच "दादा, हा हललाय" म्हणतात.

मेणवलीला ज्यांचा फोटो काढला त्यांचीही एक प्रिंट काढा. नाव माहीत नसेल तर मागे "घाटावरच्या मावशी" आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी वाईकडे जाणं होईल तेव्हा त्या मुलीला बरोबर घ्या. प्रिंट तिनेच द्यायची. तुम्ही वरच्या पायरीवर थांबा.